कोपराच्या खाली काही नको

माझ्या जेवणाच्या डब्याला तीन खण होते. खालच्यात पोळ्या, मधल्यात भाजी आणि वरच्यात बांगड्या. एसटी अनसिंगमधून बाहेर पडली की मी वरचा खण उघडून मांडीवर ठेवायचे, हातावर दुधाची धुतलेली पिशवी चढवायचे आणि बांगड्या एकेक करून उतरवायचे. पिशवीवरून काच सुळकन सरकते. शेजारी बसलेल्या बाया बघत राहायच्या. वाशीम येईपर्यंत दोन्ही हात मोकळे झालेले असायचे. दुपारी दवाखान्यातून सुटले की बाजारातल्या दुकानामागच्या गल्लीत उभी राहून त्याच बांगड्या परत भरायचे. नोकरी आणि शिक्षण दोन्ही कसं जमवलं, असं लोक विचारतात. मनगटावर जमवलं, असं मी सांगते. त्यांना तो विनोद वाटतो.

माहेर वाशीमचंच. बारावी झाल्यापासून मी एका जैन शेठजींच्या दुकानात बांगड्या भरायच्या कामाला होते. लग्न होऊन अनसिंगला गेले तरी ते काम सोडलं नाही. शेठजी माणूस गोड, पण एका बाबतीत पक्के हट्टी. दुकानात भरणारीचे हात मनगटापासून अर्ध्यापर्यंत भरलेले पाहिजेत. "बेटा, जिचे सोताचे हात रिकामे, तिच्यापाशी कोन बाई हात पुढे करीन?" असं ते म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. बाई आधी आपल्या हातांकडे बघते, मग कपाटाकडे.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. हात हातात घेतला की माप कळलं पाहिजे, दोन-चार की दोन-सहा. मग अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची मुळं दाबून हाड बारीक करायचं, आणि बांगडी नेमकी तिथं अडली की बाईला विचारायचं, माहेर कुठलं वो तुमचं? ती माहेराचं सांगायला लागते आणि बांगडी मनगटात जाते. पुढे वॉर्डात पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हाही मी त्या म्हाताऱ्या आजीला माहेरच विचारलं होतं. ट्यूटर मॅडमनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की पेशंटशी इतकी घसट करू नये. मी हो म्हणाले आणि पुढच्या आजीला परत तेच विचारलं.

नर्सिंगचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगत बसत नाही. शिरलं आणि निघालं नाही, एवढं खरं. सकाळी स्कूल आणि वॉर्ड, दुपारनंतर दुकान, असं बसवता येत होतं. फी दुकानातून निघणार होती. नवरा ट्रकवर असतो, दहा-दहा पंधरा-पंधरा दिवस बाहेर. तो फोनवर म्हणाला, आईले विचार. सासूबाईंनी ऐकून घेतलं, तुरीतले खडे काढता काढता एवढंच म्हणाल्या, "शिक. पण हात रिकामे नाई ठेवायचे. माहा पोरगा रस्त्यावर असते." मी हो म्हटलं. तेव्हा मला दवाखान्याचा नियम ठाऊक नव्हता.

नियम असा होता की कोपराच्या खाली काही नको. बांगडी नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही, मनगटाला बांधलेला धागासुद्धा नाही. हात कोपरापर्यंत धुवायचे असतात आणि काचेच्या खाली साबण पोहोचत नाही. मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत, केस टोपीत, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, तोंडावर मास्क. नियम चांगला आहे. आज मी नव्या मुलींना तो माझ्याच तोंडानं सांगते. पण तेव्हा एकीकडे शेठजींना हात भरलेले हवे होते, दवाखान्याला रिकामे हवे होते, आणि सासूबाईंना तर चोवीस तास भरलेले हवे होते. म्हणून मग तो डब्याचा वरचा खण.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. तिसऱ्या वर्षी संक्रांतीला दारावर कासारीण आली. मी स्वतः बांगड्या भरणारी, पण सासूबाईंचा हुकूम की सणाच्या बांगड्या दारावरच्या कासारणीकडूनच भरायच्या. वर त्यांचं म्हणणं, सैल बांगडी म्हणजे गबाळ्या बाईचं लक्षण. तिनं मला माझ्या मापापेक्षा एक नंबर कमी भरल्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये पिशवी चढवली, ओढलं, वळवलं. बाकीच्या निघाल्या, पण उजव्या हातातली एक काही केल्या हाडावरून उतरेना. दुसऱ्यांच्या हातातली बांगडी चुटकीसरशी काढणारी मी, स्वतःच्या हाताला हरले.

वॉर्डात मॅडमनी पाच मिनिटांत पाहिलं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही काय लग्नाची वरात आहे का? काढ." मी साबण लावून बेसिनपाशी झटले. मॅडम घाईत होत्या. त्यांनी हात धरून ओढला आणि बांगडी बेसिनच्या काठावर आपटून फुटली. मनगटावर दोन-तीन ओरखडे उठले. मला रडू आलं, पण ते दुःखानं नाही, रागानं. माझ्यासारखीची बांगडी फुटावी, याचाच मला संताप आला होता. काचा गोळा करून टाकल्या, डोळे पुसले आणि ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत पुढच्या खाटेकडे गेले.

त्याच वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर धनजहून आणलेली एक पेशंट होती, आणि तिच्या उशाशी बसली होती सासूबाईंची चुलत बहीण. माझ्या नवऱ्याची मावशी. लग्नानंतर मी तिला एकदाच पाहिलेलं. मास्क-टोपीत वावरणाऱ्या वीस पोरींमध्ये तिनं मला ओळखलं, मी मात्र तिला ओळखलं नाही. तिनं काय पाहिलं? बहिणीची सून, कपाळावर टिकली नाही, गळ्यात पोत दिसत नाही, मनगटं रिकामी, त्यांवर ओरखडे, डोळे लाल. आणि बांगडी फोडल्याचा आवाज तर तिनं कानांनी ऐकला होता. आमच्याकडे एवढं पाहिल्यावर कुणी बाई समोर येऊन विचारत नाही. विचारायचं तरी काय? तिनं डोळ्याला पदर लावला आणि गप्प राहिली.

संध्याकाळी दुकान सुटल्यावर मी नेहमीच्या बसनं घरी आले. अंगणात अनोळखी चपला. दारात शेजारच्या दोघी-तिघी. ओट्यावर फडक्यानं झाकलेलं भाकरीचं टोपलं, म्हणजे दुःखाच्या घरी शेजारून येतं तसं. आत भिंतीला टेकून सासूबाई बसलेल्या, हातात मोबाईल, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. मी उंबरा ओलांडला तशी धनजची मावशी गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला. "माह्या माय, काय झालं वो तुह्यासंग! एवढं होऊन गेलं अन् आमाले कोनी कळवलंबी नाई!"

रडतारडता तिनं माझा हात धरला. हातात डझनभर हिरव्या बांगड्या, दुकानातून आल्यामुळे वर दोन चमकीच्याही. तिचा सूर मध्येच थांबला. तिनं एकदा बांगड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चांगली रागावूनच म्हणाली, "हे काय वो? बांगड्या काहून घातल्या तू?"

"मंग काय करू?" मी म्हणाले. "कोन गेलं?"

शेवटी शेजारणीनं सांगितलं. मावशी दुपारी आली, बातमी तिनंच आणली. तेव्हापासून सासूबाई मुलाला फोन लावत होत्या आणि तो बंद येत होता; मला लावायचा त्यांना धीर झाला नव्हता. मी म्हणाले, अहो, तासाभरापूर्वी बोलले मी त्यांच्याशी, घाटात रेंज नव्हती म्हणत होते. माझ्या फोनवरून लावला. पलीकडून चहाच्या टपरीचा गलका आणि त्यात त्याचा आवाज आला, "काय झालं बापा?" सासूबाईंनी फोन कानाला धरून ठेवला. मग फोन मला दिला आणि मावशीसाठी चहा टाकायला उठल्या. पातेल्यात पाणी ओतताना अर्धं बाहेर सांडलं.

मावशी चहा न पिता गेली, कारण चूक तिची होती आणि अपमानही तिचाच झाला होता. भाकरीचं टोपलं सासूबाईंनी घरात येऊ दिलं नाही, गाईला घातलं. नवऱ्याला मी रात्री सगळं सांगितलं तर तो इतका हसला की त्याच्या क्लीनरनं काय झालं म्हणून विचारलं. मलाही हसू येत होतं. फक्त एक माणूस हसत नव्हतं. पोराच्या मरणाची बातमी त्या बाईनं दुपारपासून संध्याकाळपर्यंत एकटीनं उराशी धरली होती, हे त्या रात्री माझ्या लक्षातच आलं नाही.

सकाळी मी डबा भरायला घेतला तर त्या म्हणाल्या, "दवाखाना बंद. दुकानात जायचं त जाय."

एवढंच. आरडाओरडा नाही. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, राहा थोडे दिवस, आई निवळन. त्याला काय माहीत. तिसऱ्या वर्षाची वॉर्डातली हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नव्हतं. या वर्षी परीक्षा हुकली तर आणखी एक वर्ष, आणि आणखी एक वर्ष मला ते घर देणार नव्हतं. आधीची दोन वर्षंही त्याबरोबरच पाण्यात गेली असती. मी उशिराच्या बसनं दुकानात जाऊ लागले आणि दिवसभर दुसऱ्यांचे हात भरू लागले. त्या दिवसांत माझ्या हातून बांगड्या फार फुटल्या. शेठजी काही बोलले नाहीत, नुसतं कपाळाला हात लावत. मैत्रिणीचा फोन आला, मॅडम म्हणतात सोमवारपर्यंत आली नाही तर नाव परीक्षेला पाठवणार नाही.

शनिवारी सकाळी सासूबाई ओसरीत सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले.

"आई, सोमवारपासून मी दवाखान्यात जातो."

"हात रिकामे करून?"

"हो."

"अन् माहा पोरगा?"

माझी जीभ तशी आधीपासूनच आखूड नाही. मी म्हणाले, "तुमचे हात त भरलेलेच होते नं, हिरवेगार. मंग मामंजी काहून गेले?"

बोलून बसले. मामंजी म्हणजे माझे सासरे. माझा नवरा शाळेत असतानाच ते गेले, मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. शब्द परत घ्यावा असं वाटलं, पण घेतला नाही, कारण बोलले ते खरं होतं. सासूबाई सुपातली तूर चाळत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातील. त्या उठल्या नाहीत.

"पोळ्याच्या बांगड्या होत्या," त्या सुपाकडे बघतच म्हणाल्या. "त्याईनंच आणल्या होत्या बाजारातून. आठ दिवसबी नव्हते झाले. बायाईनं पाट्यावर हात ठेवून फोडल्या. मी म्हटलं, फोडू नका वो, उतरवून द्या, मी ठेवतो. एकीनं आयकलं नाई. मले बोलू नको म्हणे, असं बोलत नसते." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "त्या दिवशी बहीण म्हणे, तुह्या सुनीची दवाखान्यात बांगडी फोडली. मले तोच आवाज आयकू आला."

मी उठून दुधाची पिशवी आणली. त्यांच्यासमोर बसून ती हातावर चढवली आणि एकेक बांगडी उतरवायला लागले. संक्रांतीच्या घट्ट बांगड्या मी दुकानात कधीच बदलून टाकल्या होत्या, या माझ्या मापाच्या होत्या. काच प्लास्टिकवरून सरकत होती, आवाज म्हणून नव्हता. उजवा हात झाला, मग डावा. त्या सूप थांबवून बघत होत्या. सगळ्या बांगड्या मी त्यांच्या ओटीत ठेवल्या.

"मोजून पाहा. एकबी फुटली नाई," मी म्हणाले. "रोज अशाच उतरवीन, तुमच्यासमोर. बसमदी चोरून नाई. तुमच्यापाशीच ठेवून जाईन, अन् संध्याकाळी आली की तुमीच भरा."

"मी भरू? मी?"

"तुमीच."

विधवा बाईनं सवाष्णीच्या हातात बांगडी भरायची नसते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी ओटीतल्या बांगड्या नीट एकावर एक रचल्या. बराच वेळ रचत होत्या. मग म्हणाल्या, "सवभाग्याचं लेणं खाली नसते ठेवत बापा, अन् डब्यात त नाईच. ते हातातच पाह्यजे."

"मंग हातातच धरा," मी म्हणाले.

सोमवारी पहाटे त्यांनीच मला उठवलं.

दुकानाचा प्रश्न शेठजींनी सोडवला. म्हणाले, दुकानात आल्यावर नमुन्याच्या बांगड्या घालत जा, जाताना काढून ठेव, रोज नवा माल तुझ्या हातात दिसेल. रोज नवा माल दिसू लागला आणि तो विकलाही जाऊ लागला, त्यामुळे त्यांना वाटलं की युक्ती पहिल्यापासून त्यांचीच होती. मॅडमनी एकदा सगळ्यांसमोर माझी मोकळी मनगटं दाखवून इतर मुलींना सांगितलं, हे बघा, असं पाहिजे. मी मान डोलावली. ओरखडे तोवर बुजले होते.

आणि संध्याकाळी ओसरीत सासूबाई माझे हात भरायच्या. सुरुवातीला त्यांची बोटं अडखळायची, मी अंगठा दुमडून द्यायचे. शेजारणींनी पाहिलं, कुजबुजल्या, आणि दुसरा विषय मिळाल्यावर गप्प बसल्या. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात येत होती. काच मी रोज हाताळते. थंडीत ती गार असते, उन्हात ठेवली तर चटका देते. सासूबाई मला भरायच्या त्या बांगड्या रोज कोमट असायच्या. दिवसभर ओटीत घेऊन बसत असतील, नाहीतर चुलीजवळ ठेवत असतील, असं समजून मी ते सोडून दिलं.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी शेठजी दुकान बंद ठेवायचे. त्या वर्षीही ठेवलं. वॉर्डातून सुटले ती मी थेट घरी आले, भर दुपारी. अंगणाचं फाटक लोटायला हात पुढे केला आणि थांबले. सासूबाई अंगणात उडदाच्या शेंगा वाळत घालत होत्या. दोन्ही मनगटांत माझ्या हिरव्या बांगड्या होत्या. त्यांचा हात बारीक, माझं माप त्यांना सैल पडत होतं, शेंगा पसरताना बांगड्या कोपराकडे घसरायच्या आणि परत मनगटावर यायच्या. शेंगा पसरून झाल्या तरी त्या हात तसेच हलवत होत्या. थोडा वेळ हलवायच्या, थांबायच्या, परत हलवायच्या. पाठमोऱ्या होत्या, तोंड दिसत नव्हतं. मला दिसावं असंही वाटलं नाही.

मी उलट पावली बसस्टँडवर गेले. तिथल्या बाकड्यावर बसून चहा घेतला, मग आणखी एक घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं. चहावाला दुसरीकडे बघत राहिला, त्याचे आभार. वाशीमची नेहमीची बस आली, तिच्यातून बाया उतरल्या, त्यांच्यामागोमाग मी घरी निघाले. फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली. ओसरीत सासूबाई मोकळ्या हातांनी बसलेल्या, पुढ्यात बांगड्या. मी हात पुढे केला. बांगड्या कोमट होत्या.

नंतर एकदा मी धीर केला. दुकानातून त्यांच्या मापाच्या, साध्या, मातकट रंगाच्या बांगड्या आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी त्या बोट न लावता मागे सरकवल्या. "नेऊन दे. लोकं काय म्हणतीन?" त्यांच्या आवाजात इतकी भीती होती की मी वाद घातला नाही. लोकांचा मला राग येतो, अजूनही येतो, पण लोकांमध्ये राहायचं मला एकटीला नव्हतं.

परीक्षा झाली. पास झाले, फार गुणांनी नाही, पण झाले. वाशीमलाच एका दवाखान्यात नोकरी लागली आणि शेठजींचं दुकान सुटलं. निघताना त्यांनी विचारलं, काय देऊ? मी माझ्या मापाच्या एक डझन हिरव्या मागितल्या. आता ड्युटी दोनला सुटते. बस मिळाली तर तीन-साडेतीनला घरी पोहोचता येतं.

मी जात नाही. माहेरी आईकडे जरा टेकते, बाजारातून भाजी घेते, शेठजींच्या दुकानात डोकावून नव्या पोरीला हात कसा दाबायचा ते दाखवते. घरी येते ती दिवेलागणीला, कडी वाजवून. नवरा घरी असला की विचारतो, "दोनले सुटतं नं तू, मंग एवढा उशीर काहून?" मी सांगते, बस चुकली. सासूबाई तेव्हा मान खाली घालून माझ्या हातात बांगडी सरकवत असतात. रोजच्या रोज बस कशी चुकते, हे त्यांनी मला कधी विचारलेलं नाही.